आमच्या तलावात बास सोडू नका

प्रति,
आमच्या तलावाचा पर्यटन आराखडा करणारे अधिकारी व समितीचे सर्व सदस्य,
आणि गळाचा छंद असलेली शहरातली मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

तलावाचा आराखडा अखेर आमच्या हाती आला. घाट, बाकडी, वाहनतळ, बोटींचा धक्का, स्वच्छतागृह. यातल्या कशालाच आमची हरकत नाही; स्वच्छतागृह तर फार आधी व्हायला हवं होतं. हरकत आहे ती मधल्या एका ओळीला. क्रीडा मासेमारीला चालना मिळावी म्हणून तलावात शिकारी जातींच्या मत्स्यबीजाचं संचयन करायचं, असं ती ओळ म्हणते. पुढे कंसात परदेशी माशांची नावं: पीकॉक बास, लार्जमाउथ बास, इत्यादी. त्या 'इत्यादी'ची मला जास्त धास्ती आहे.

तलावाचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. सह्याद्रीच्या पूर्व उतारावर असे तलाव पुष्कळ आहेत आणि असे आराखडे एका गावापुरते राहत नाहीत. एकाला मंजुरी मिळाली की शेजारचा तालुका तीच फाइल नाव बदलून पुढे सरकवतो. म्हणून हे पत्र आपल्या कार्यालयात पोच घेऊन दिलं आहे, आणि चारचौघांनी वाचावं म्हणून इथे उघडही करते आहे.

मी भोयांच्या घरातली. वडील आणि भाऊ जाळं टाकतात. आई बाजाराच्या दिवशी मासळी घेऊन बसते, सुट्टी असली की तिच्या शेजारी मी. प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी केलं आणि आता आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेचा हिशोब लिहिते. तलावाचा ठेका संस्थेकडे आहे. ठेक्याचे पैसे भरायचे, पावसाळ्यात कटला, रोहू, मृगळाची बोटुकली विकत आणून सोडायची, वाढली की काढायची, असा आमचा व्यवहार. हे मासे साठलेल्या पाण्यात वीण करत नाहीत, त्यांना चढतं, वाहतं पाणी लागतं. त्यामुळे बोटुकली दर वर्षी नव्याने आणावी लागते आणि आमच्या वहीत खर्चाच्या बाजूला ठेक्याखालोखाल तोच आकडा मोठा असतो.

आता त्या वहीच्या बाजूनेच बोलते. बोटुकली म्हणजे बोटाएवढं पोर. लार्जमाउथ बासचा जबडा डोळ्याच्याही मागेपर्यंत फाकतो; असं पोर त्याच्या तोंडी सहज जातं. तलावात बास रुजला की आम्ही सोडलेल्या बोटुकलीतली किती मोठी होऊन जाळ्यात येईल? हा प्रश्न आराखड्यात कुठेही विचारलेला नाही. ठेका आम्ही भरायचा, बोटुकली आम्ही आणायची आणि ती खाऊन धष्टपुष्ट झालेल्या माशाबरोबर फोटो शहरातल्या पाहुण्याने काढायचा. खुराड्यात बोका सोडून वर कोंबड्यांचं भाडं मालकिणीकडूनच घेण्यातला हा प्रकार आहे. संस्थेला भरपाई, ठेक्यात सूट, काहीतरी? एक अक्षर नाही. 'स्थानिकांना रोजगार' एवढं मात्र आहे, आणि तो रोजगार म्हणजे बोट वल्हवणं आणि चहा देणं, असं चौकशी केल्यावर कळलं.

पण पैशाचं हे दुखणं त्यातल्या त्यात लहान. मोठं दुखणं 'सध्याची मत्स्यसंपदा' या मथळ्याखाली आहे. तिथे तीनच नावं आहेत: कटला, रोहू, सायप्रिनस. गंमत बघा, यातला एकही मासा या पाण्यातला नाही. पहिले दोन गंगेच्या खोऱ्यातले, तिसरा परदेशातून आलेला. तिन्ही माणसांनी आणून सोडलेले. जे मासे कुणी न सोडता इथे आहेत, ते आपल्या यादीत नाहीत. मळे नाहीत, मुऱ्या नाहीत, अळकूट नाही, खवल्या नाहीत, शिंगटी नाही, वांब नाही. मरळसुद्धा नाही, जी खुद्द बाजारात कटल्यापेक्षा महाग जाते. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांवरचा लेख 1839 साली लंडनला छापला. त्यात मळे, मुऱ्या, अळकूट, शिंगटी, घोगरा सगळे हजर आहेत. त्या काळी परमुलखातल्या माणसाने नदीकाठच्या लोकांना विचारून यादी केली. आपल्या समितीचे लोक आमच्या काठावर एका दुपारी येऊन गेले, तेव्हा मासेमाऱ्यांना त्यांनी काहीच विचारलं नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे.

ही बारीक मासळी कोण खातं ते सांगते. ओढा जिथे तलावाला मिळतो तिथे पाणी गुडघाभर असतं. दिवस कलला की कातकरी वाडीतल्या बाया तिथे उतरतात. दोघी जुनं लुगडं चार टोकांनी धरून पाण्याखाली ताणतात, तिसरी पायाने दगड हलवत, पाणी चाळवत त्यांच्या दिशेने येते. लुगडं उचललं की मधल्या झोळात मूठभर चंदेरी तडफड, त्यात चार-सहा मळे, एखादी मुरी, नखाएवढ्या कोळंब्या आणि बहुतेक वेळा एक तरी चिडलेला खेकडा. खेकडा आधी बाजूला काढायचा, नाहीतर लुगडं फाटतं. घरी नेऊन पोट दाबून साफ करायचं, हळद, मीठ, तिखट लावून तव्यावर टाकायचं आणि काट्यासकट खायचं. अख्खा मासा काट्या-डोक्यासकट पोटात जातो म्हणून त्यातून कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं मिळतात, हे मी पुस्तकात नंतर वाचलं. वाडीतल्या बाळंतिणीला तो द्यायची रीत त्याआधीची आहे. जास्त सापडली तर ती मासळी आईकडे येते आणि वाट्याने विकली जाते. कटल्याचा तुकडा ज्यांना परवडत नाही, ते हा वाटा नेतात.

बास सगळ्यात आधी हेच खातो. काठचं उथळ, झुडपाळ पाणी ही त्याची दबा धरायची जागा आणि बोटभर मासा, कोळंबी, खेकड्याचं पिल्लू हे त्याचं जेवण. म्हणजे तलावातली सगळ्यात गरीब माणसं जिथून ओंजळभर अन्न काढतात, नेमक्या त्याच जागी आपण त्यांना वाटेकरी आणून बसवणार.

हे मी मनचं सांगत नाही. ग्वाटेमाला देशात अतितलान नावाचा तलाव आहे. तिथे 1958 आणि 1960 साली लार्जमाउथ बास सोडला. उद्देश अगदी आपल्या फाइलीतलाच: गळाचे शौकीन येतील, हॉटेलं चालतील. काठावरच्या माया कुटुंबांच्या रोजच्या खाण्यातले लहान मासे आणि खेकडे बासनं संपवत आणले. जगात फक्त त्याच तलावात राहणारी एक टिबुकली, म्हणजे बुड्या मारणारा पाणपक्षी, होती, आपल्या टिबुकलीपेक्षा बरीच मोठी आणि उडता न येणारी. तिचंही खाद्य तेच. शिवाय तिची पिलंही बास गिळायचा. 1960 साली दोनशेच्या आसपास असलेली ती पाखरं 1965 सालापर्यंत ऐंशीवर आली. पुढे संरक्षण मिळून संख्या काही काळ सावरली, मग 1976 च्या भूकंपानंतर तलावाचं पाणी उतरलं, काठचे लव्हाळे कापले गेले आणि 1990 च्या सुमारास ती जात संपल्याचं मान्य करावं लागलं. सगळा दोष एकट्या बासचा नव्हता, हे मी लिहून ठेवते, म्हणजे उत्तरात आपल्याला तेवढंच लिहायला नको. पण घसरण सुरू झाली ती त्याच्यापासून. आमच्या तलावावरही टिबुकल्या आहेत. आराखड्यात त्यांच्यासाठी 'पक्षीनिरीक्षण मनोरा' आहे.

पीकॉक बासची गोष्ट पनामातली. गातून तलावात तो 1967 च्या सुमारास पोचला, तोही कुणी सोडला म्हणून नाही तर वरच्या एका तळ्यातून निसटला म्हणून. तिथे नेहमी सापडणारे बहुतेक लहान देशी मासे काही वर्षांत दिसेनासे झाले. झारेट आणि पेन या दोन शास्त्रज्ञांनी 1973 साली ते नोंदवलं. त्या लहान माशांत डासांच्या अळ्या खाणारे होते, म्हणून हिवतापाच्या डासांचीही चर्चा त्यांनी केली. सुमारे 45 वर्षांनी पुन्हा पाहणी झाली, तेव्हाही ते देशी मासे पूर्वपदावर आलेले नव्हते. आपल्याकडे एक खातं गावोगाव डबक्यांत गप्पी सोडतं, डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून. दुसरं खातं त्याच गावच्या तलावात गप्पीएवढं जे जे दिसेल ते गिळणारा मासा सोडणार. दोन्ही खात्यांनी एकदा एकत्र चहा घ्यावा, एवढीच विनंती.

आणि जपान. तिथे लार्जमाउथ बास 1925 साली हाकोनेजवळच्या आशिनोको तलावात आणला गेला, एकाच तलावात राहील या समजुतीने. गळवाल्या हौशी लोकांनी चोरून नेऊन त्याला देशभर पोचवला. बिवा या त्यांच्या सगळ्यात मोठ्या तलावाकाठच्या शिगा प्रांताने 2003 पासून पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडायला बंदी केली. 2005 साली परक्या जातींविरुद्धचा देशाचा कायदा लागू झाला, आणि बास काढून टाकायला आजही सरकारी पैसा खर्च होतो. ब्लूगिल हा बासचाच अमेरिकी भाऊबंद जपानमध्ये आला तो खुद्द युवराज अकिहितो यांच्याबरोबर, 1960 च्या अमेरिका दौऱ्यातली भेट म्हणून. 2007 साली, सम्राट असताना, त्याच शिगा प्रांतात त्यांनी जाहीरपणे सांगितलं की हे असं झालं याचं मनाला दुःख होतं. आपल्याकडे सम्राट नाहीत, टिपणीवर सही करणारे आहेत, आणि काही वर्षांत त्यांची बदली होते. मग मनाला दुःख कुणाच्या व्हायचं?

बैठकीत कुणीतरी म्हटलं, तलाव बंदिस्त आहे, मासा जाणार कुठे. पावसाळ्यात या, दाखवते. सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की त्याबरोबर मासे उतरतात आणि खालचे मासे ओढ्याने चढतात. चढणीचे मासे धरायला पोरं रात्री बत्त्या घेऊन जातात ते कशाला? आमचा ओढा नदीला मिळतो, नदी भीमेला, भीमा उजनीला. उजनीत आधीच चिलापीचं, म्हणजे परदेशी तिलापियाचं, राज्य आहे. आफ्रिकी मांगूर 2000 सालापासून देशात बंद आहे, तरी इतक्या वर्षांनी धाडी पडतात आणि पकडलेला मांगूर जेसीबीने पुरावा लागतो. केरळात 2018 च्या पुरात कुणाच्या तरी तळ्यातला अरापैमा नदीत येऊन मच्छीमारांच्या जाळ्यात सापडला. कागदावरची बंदी पाण्यातल्या माशाला वाचता येत नाही, आणि आपण तर बंदी राहू दे, निमंत्रण देत आहात. रस्ता चुकला तर खोदता येतो, घाट चुकला तर पाडता येतो. पीकॉक बास साठलेल्या पाण्यात वीण करतो, नर-मादी मिळून पिलांची राखण करतात. एकदा बस्तान बसलं की तलाव कोरडा केल्याशिवाय तो निघत नाही, आणि आमचा तलाव कोरडा करणं म्हणजे उन्हाळ्यात तीन गावांची नळयोजना बंद.

मग आपल्याच मातीतला मोठा मासा सोडू, महसीर सोडू, असंही सुचवलं गेलं. महसीरचं मलाही कौतुक आहे. महाडजवळ वाळणकोंडीला देवीचे मासे म्हणून त्यांना कुणी हात लावत नाही, देहूला इंद्रायणीतही तीच श्रद्धा. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने महसीरची पिलं वाढवण्याचं केंद्र 1970 च्या दशकात उभारलं, ते काम मोलाचं आहे. पण तिथली निळसर परांच्या महसीरची पिलं महाराष्ट्राबाहेरही गेली, कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा महसीर होता, पाठीवर उंचवटा असलेला, नारिंगी परांचा, प्रचंड वाढणारा. 1946 साली कबिनी नदीत गळाला 120 पौंडांचा लागला होता. कावेरीकाठच्या मासेमारी छावण्यांच्या नोंदी शास्त्रज्ञांनी नंतर तपासल्या, तेव्हा दिसलं की आणलेला महसीर वाढत गेला आणि मूळचा जवळजवळ दिसेनासा झाला. धरणं, वाळूउपसा, सुरुंग यांनीही त्याला मारलं. त्याची नेमकी ओळख पटून शास्त्रीय नाव, टॉर रेमादेवी, नक्की व्हायला 2018 साल उजाडलं, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेला. चांगल्या हेतूने, चांगल्या माणसांनी, आपल्याच देशातला चांगला मासा सोडला, तरी हे झालं. मूळ पाण्यात काय आहे हे न बघता सोडला म्हणून झालं.

कुणी जिताड्याचंही नाव घेतलं. जिताडा खाडीचा, त्याची वीण खाऱ्या पाण्यात होते, त्यामुळे आमच्या तलावात तो कायमचा ठाण मांडणार नाही हे मान्य. पण जिवंत असेल तोवर खाणार आमचीच बोटुकली. त्याची किंमत आधी लिहा, मग बोलू.

आता गळवाल्या मंडळींशी दोन शब्द. तुमच्यावर माझा राग नाही. जिलेटीन टाकून, ब्लीचिंग पावडर ओतून, तारा टाकून मासे मारणारे आमच्याच आसपासचे आहेत, तुम्ही नव्हे. काठावर गळ घेऊन माणसं बसलेली असली की ते लोक फिरकत नाहीत, हा आमचा अनुभव आहे. मासा धरून परत सोडता, वजन करून फोटो काढता, ठीक. पण बासच्या बाबतीत 'आम्ही मासा मारत नाही' हे उत्तर पुरत नाही. तुम्ही सोडलेला बास संध्याकाळी परत खाणारच आहे.

तुम्हाला झुंज हवी ना? मरळ आहे. प्लास्टिकचा बेडूक पाणवेलींवरून उड्या मारत ओढला की मरळ खालून जो तडाखा देते, तो बघायला तुमच्यातलेच काही जण आधीपासून येतात. मरळ शिकारी आहे, पण ती या पाण्याची शिकारी आहे. इथले मळे, खवल्या, बेडूक तिच्यासोबत जगत आले आहेत. एकच अट. पावसाळ्यात पाण्यावर लाल-नारिंगी पिलांचा गोळा वर-खाली होताना दिसतो, आणि त्याच्या खाली हातभर अंतरावर नर-मादी असतात. त्या वेळी टाकलेल्या कशावरही ती जोडी झेप घेते, भुकेने नव्हे, राखणीसाठी. तेव्हा तिला धरली तर वर सोडलेलं पोरवडं तासाभरात दुसऱ्या माशांच्या पोटात जातं. तुम्ही नंतर तिला कितीही प्रेमाने परत सोडा. म्हणून त्या दिवसांत गळ बंद. समुद्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटी बंद असतात, चढणीच्या दिवसांत आम्ही ओढ्याच्या तोंडाशी जाळं लावत नाही. तुम्हालाही तोच नियम.

आपल्याकडे मागणं असं आहे.

आराखड्यातली ती ओळ काढा. पुढे ढकलू नका, 'तज्ज्ञांच्या अभिप्रायाच्या अधीन राहून' असं शेपूट लावून ठेवू नका, काढा. परदेशी शिकारी मासा या तलावात नको, आणि वरच्या अंगाला जी फार्महाऊसची तळी आणि शेततळी आहेत, जिथून पाणी ओसंडून ओढ्यात येतं, तिथेही नको. मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेले राक्षसी मासे काही तळ्यांत आहेत, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. त्यांची तपासणी आधी करा.

तलावात काय आहे ते मोजा. जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या लोकांनी, आमच्या संस्थेच्या मच्छीमारांनी आणि वाडीतल्या बायांनी मिळून, एक पावसाळा आणि एक उन्हाळा धरून. यादी मराठी नावांसकट करा. जैवविविधता कायदा 2002 चा आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. आमची नोंदवही कपाटात आहे असं सांगतात. ती बाहेर काढा, मासे तिच्यात लिहा आणि तलावात कोणतंही नवं मत्स्यबीज सोडायचं असेल तर आधी त्या समितीपुढे आणि ग्रामसभेपुढे विषय ठेवा. वन्यजीव कायद्यात 2022 च्या दुरुस्तीने आक्रमक परक्या जातींना आवर घालायचे अधिकार केंद्राने स्वतःकडे घेतले आहेत. वर हे चाललेलं असताना खाली आपण उलट्या दिशेने का जावं, याचंही उत्तर हवं.

गळाची मासेमारी सुरू करायची असेल तर परवाना संस्थेमार्फत द्या आणि फीमधला हिस्सा संस्थेकडे व वाडीकडे जाऊ द्या. ओढ्याचं तोंड आणि तिथली उथळ जागा पर्यटनातून वगळा. तिथे धक्का, बोटी, काँक्रीट काही नको. बायांना तिथे उतरायला मज्जाव होणार नाही, हे लेखी द्या. नकाशात ती जागा 'प्रस्तावित सेल्फी पॉइंट' म्हणून रंगवलेली आहे.

आणि समितीवर मच्छीमार संस्थेचा एक व वाडीतला एक, असे दोन प्रतिनिधी घ्या. वाडीतली प्रतिनिधी बाई असावी, कारण मासे धरतात त्या.

येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय आम्ही रीतसर अर्ज देऊन घ्यायला लावला आहे. त्याआधी आपलं उत्तर लेखी आणि सहीनिशी मिळावं. मागच्या वेळी 'बघू, कळवू' असं फोनवर सांगण्यात आलं होतं. ते इतिवृत्तात लिहिता येत नाही.

आपली,
मच्छीमार संस्थेची हिशोबनीस